खापर हवेवर का फोडता?

भोपाळात घर बांधणारा किंवा फ्लॅट घेणारा कुणी झोपायच्या खोलीत लाकडी जमीन करायची म्हणाला, की त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं. इथली हवा लाकडाला मानवत नाही. उन्हाळ्यात फटी पडतील, पावसाळ्यात फळ्या फुगून उठतील, वाळवी तर आहेच. ही थंड देशांतली हौस, आपल्याकडे फरशीच बरी. कंत्राटदार हे सांगतो, इंटिरिअरवाला सांगतो, आणि ज्यांच्या घरी कधी लाकडी जमीन नव्हती ते नातेवाईकही छातीठोकपणे सांगतात. त्यामागोमाग दुकानातलं वाक्य येतं : लाकूड नको, लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट घ्या, हुबेहूब आहे, देखभाल काही नाही.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. भोपाळच्या हवेत चांगलं लाकूड चांगलं टिकतं. टिकत नाही ते चुकीच्या जातीचं, चुकीच्या महिन्यात, ओल्या कोब्यावर घाईघाईने अंथरलेलं लाकूड. आणि त्याच्या जागी जो छापील ओक आपल्या गळ्यात मारला जातो, तो या हवेपुढे लाकडापेक्षा कितीतरी लवकर हात टेकतो.

आपण राहतो कुठे ते आधी बघू. देशात सर्वांत जास्त वनक्षेत्र असलेलं हे राज्य, सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर. भोपाळहून दक्षिणेला निघालं, ओबेदुल्लागंज मागे पडलं की रातापानीच्या जंगलात साग दिसायला लागतो. नर्मदा ओलांडली की नर्मदापुरम्, पुढे इटारसी, बैतूल, हरदा, सगळा सागाचा मुलूख. सातपुड्यातलं बोरीचं राखीव जंगल १८६५ सालचं, देशातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांपैकी एक. लाकडाच्या बाजारात या सागाला अजूनही ‘सीपी टीक’ म्हणतात, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, सचिवालय भोपाळला आलं आणि त्याच्याबरोबर नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबं इथे येऊन स्थिरावली. बल्लारशाच्या आणि आलापल्लीच्या सागवानाची महती ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्या घरांनी ‘लाकूड इथे चालत नाही’ हे वाक्य विनातक्रार मान्य करावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

झाड जिथे वाढतं तिथे त्याचं लाकूड घरात टिकेलच असं नाही, हे मला मान्य आहे. म्हणून झाडावर न थांबता घरांकडे वळू. भोपाळातल्या जुन्या घरांचं मुख्य दार कशाचं असतं? सागवानाचं. ते दार मे महिन्याचं ऊन खातं, जुलैचा तिरपा पाऊस अंगावर घेतं. श्रावणात थोडं अडतं, दिवाळीपर्यंत पुन्हा सैल होतं, आणि असं चाळीस-पन्नास वर्षं चालतं. खिडक्यांच्या चौकटी त्याच लाकडाच्या, देवघर त्याचं, आजीचा पलंग त्याचा. दाराला हवा मानवते, चौकटीला मानवते. मग घराच्या आत, छपराखाली, ना ऊन ना पाऊस अशा जागी आडव्या टाकलेल्या फळीलाच ती का मानवू नये? या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

लाकडी जमीन ही परकी गोष्ट आहे, हाही असाच एक गैरसमज. मराठी वाड्यांत कडीपाट असायचा : भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या. खालच्या खोलीचं ते छत आणि वरच्या मजल्याची ती जमीन. कुठे त्यावर माती घालून सारवायचे, कुठे फळ्या उघड्याच ठेवून चालायचे. पण माणसांचा, धान्याच्या कणग्यांचा, संसाराचा भार त्या फळ्यांनीच पेलला. इंदूरचा होळकरांचा राजवाडा आठवा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. माळव्याचा उन्हाळा आणि माळव्याचा पाऊस त्या मजल्यांनी वर्षानुवर्षं सोसला. १९८४ च्या दंगलीत तो जळला, त्याआधीही जळला होता. लाकडाला आगीचं भय आहे आणि स्वयंपाकघराशेजारी जमीन करताना ते लक्षात ठेवलंच पाहिजे. पण ऋतूंनी त्याला हरवलं, असं त्या वाड्याचा इतिहास सांगत नाही.

आता मूळ मुद्द्याला हात घालू, कारण ‘फुगतं आणि फटी पडतात’ ही तक्रार खोटी नाही. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. भोपाळात एप्रिल-मेच्या दुपारी हवेची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते. वर्षाचा जवळपास सगळा, ११०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत पडतो. बाहेर उघड्यावर ठेवलेली बारीक काडी उन्हाळ्यात पाच टक्के ओलीपर्यंत वाळेल आणि पावसाळ्यात सोळा-सतरा टक्क्यांवर जाईल. घरातली जाड, पॉलिश केलेली फळी एवढी हेलकावे खात नाही; तिच्या गाभ्यापर्यंत बातमी पोहोचेतो ऋतू बदललेला असतो. हिशेबापुरता उन्हाळ्यात आठ टक्के आणि पावसाळ्यात चौदा, असा सहा टक्क्यांचा फरक धरू.

या सहा टक्क्यांत फळी लांबीला जवळजवळ हलत नाही. हलते ती रुंदीला. पण प्रत्येक जात सारखी हलत नाही, आणि दुकानात नेमकं हेच सांगितलं जात नाही. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत सागाची साधी, आडव्या कापाची फळी रुंदीला ५.८ टक्क्यांच्या आसपास आटते. अमेरिकन पांढरा ओक १०.५ टक्के आटतो. सागाचीच फळी उभ्या रेषेची, म्हणजे खोडाच्या मध्यातून बाहेर जाणाऱ्या रेषेवर कापलेली असेल, तर ती अडीच टक्केच आटते. हे आकडे लाकूडशास्त्राच्या कोणत्याही प्रमाण पुस्तकात सापडतात.

बारा फूट रुंदीची खोली घ्या. जमीन मधल्या ओलीवर, म्हणजे अकरा टक्क्यांवर असताना बसवली, तर पावसाळ्यात ती तीन टक्के ओल आणखी घेईल. तेवढ्यात सागाची संपूर्ण जमीन कागदावरच्या हिशेबाने साधारण २१ मिलिमीटर रुंद होते. दोन्ही भिंतींपाशी १२-१२ मिलिमीटरची मोकळी जागा ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकली, तर जागा २४ मिलिमीटर. जमीन त्यात मावली. तीच खोली ओकची असेल तर वाढ ३८ मिलिमीटर. मावत नाही, फळ्या एकमेकींना ढकलत मध्ये उठतात. उभ्या कापाचा साग असेल तर वाढ ९ मिलिमीटर. प्रश्नच उरला नाही. आणि सागाचीच जमीन ऐन मे महिन्यात, आठ टक्क्यांवर असताना बसवली तर? ऑगस्टपर्यंत तिला ४२ मिलिमीटर हवेत. तीही उठणार. तेच गाव, तीच हवा, तेच झाड. एक जमीन तीस वर्षं नांदते आणि दुसरी पहिल्याच पावसात उखडते. फरक बसवण्याच्या महिन्याचा आहे, आणि खापर हवेवर फुटतं.

हा महिना चुकतो तो काही योगायोगाने नाही. आपल्याकडे चातुर्मासात वास्तुशांत करत नाहीत. त्यामुळे आषाढी एकादशीच्या आत घरात शिरायची सगळ्यांची धडपड असते आणि अक्षय तृतीयेचा मुहूर्त तर कुणालाच सोडवत नाही. मग मार्चमध्ये टाइल, एप्रिलमध्ये रंग आणि शेवटच्या पंधरवड्यात लाकडी जमीन, असा क्रम लागतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत, सर्वांत आकसलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट ठोकून, भिंतीला अगदी चिकटवून बसवल्या जातात. फट दिसली तर मालक ओरडेल म्हणून कारागीर ती ठेवतच नाही. कोलार रोडवरच्या एका परिचितांकडे असंच झालं. जुलैच्या शेवटी दारासमोरच्या फळ्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या आणि घरच्यांनी त्या काढून टाकल्या. त्या इमारतीत आता लाकडी जमिनीचं नाव काढलं की त्या घराचा दाखला दिला जातो. कोणत्या महिन्यात बसवली होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

मुहूर्त पाळू नका, असं मी म्हणणार नाही. घरात दिवा लावायचा दिवस ज्याचा त्याने ठरवावा. पण जमीन बसवण्याला मुहूर्ताची गरज नाही. पाऊस ओसरल्यानंतर, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत भोपाळची हवा मधल्या ओलीवर असते. ते दिवस सुताराचे.

दुसरी चूक खालून येते. काँक्रीट आणि कोबा वाळायला किती वेळ लागतो, याचा जुना ढोबळ आडाखा आहे : दर इंचाला एक महिना, तोही हवा खेळती असेल तर. चार इंचांच्या थराला चार महिने. नव्या फ्लॅटची किल्ली मिळताच जे काम सुरू होतं, त्यात एवढा धीर कुणाला असतो? टाइलला ओल्या कोब्याचं काही वाटत नाही, कारण ती स्वतःच सिमेंटात बसते. लाकूड मात्र पोटाकडून ती ओल पितं, वरून कोरडं राहतं आणि फळीच्या कडा वर उचलल्या जाऊन ती वाटीसारखी होते. हे टाळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन फूट लांब-रुंद जाड पॉलिथिनचा तुकडा घ्यायचा, कोब्यावर चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा, एक पूर्ण दिवस ठेवायचा. उचलल्यावर आत थेंब दिसले किंवा कोबा काळपट झालेला दिसला, तर लाकूड आणायचं नाही. मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम. ‘फळ्या दोन दिवस खोलीत पडू द्या, हवा लागली की झालं,’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. दोन दिवस हे कशाचंच माप नाही. फळीची ओल किती आणि खोलीत ती कितीवर स्थिरावणार, हे मोजायचं असतं. भारतीय मानक ब्यूरोच्या २८७ क्रमांकाच्या मानकात हवामानाप्रमाणे देशाचे विभाग पाडून कोणत्या कामाच्या लाकडात किती ओल चालेल, ते दिलेलं आहे. ते मानक दुकानाच्या भिंतीवर लागलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तळमजल्याची गोष्ट वेगळी. भोपाळच्या बऱ्याच भागात काळी माती आहे, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि जुन्या घरांत जमिनीतून ओल चढते. अशा ठिकाणी कोब्यावर थेट चिकटवलेली लाकडी जमीन करूच नये. करायचीच असेल तर रिपा ठोकून, खाली हवेला वाट ठेवून करावी. श्यामला हिल्सवर मानव संग्रहालयात ईशान्येकडची खांबांवरची घरं आहेत. जमीन मातीपासून उचलून घेतली की खालची हवा ओल घेऊन जाते, हे तिथे लहान मुलालाही समजतं. पाया ओला, रिपा नाहीत आणि पैसेही बेताचे असतील, तर तळमजल्यावर कोटाच घालावा. कोटा फार चांगला दगड आहे. माझं भांडण कोट्याशी नाही.

दगड थंड असतो म्हणून तोच बरा, हे मात्र तपासून घ्यायला हवं. तळमजल्यावरची फरशी थंड असते, कारण तिच्याखाली जमीन असते. सहाव्या मजल्यावरच्या फरशीखाली दुसऱ्याच्या खोलीचं छत असतं. मेमध्ये खोलीच पस्तीस-छत्तीस अंशांवर असेल तर फरशीही तेवढीच असते, म्हणजे तळपायाच्या कातडीपेक्षा गरम. तिथे दगडाचा थंडावा ही तळमजल्याची आठवण असते, अनुभव नसतो. आणि डिसेंबर-जानेवारीत तलावाकडून वारा आला, पहाटे पारा दहाच्या खाली गेला, की त्याच दगडावर सांधेदुखी असलेल्या माणसाने पाय ठेवून बघावा. लाकूड पायाची ऊब ओढून घेत नाही. वाकलेल्या गुडघ्यांनी दिवसातून वीस वेळा उठणाऱ्या-बसणाऱ्या वृद्धांसाठी एक खोली तरी या जमिनीची असावी, असं मी कळकळीने सांगतो.

कूलरचा उल्लेख इथे करायला हवा, कारण तो भोपाळच्या घरांचा सोबती आहे आणि लाकडाचा शत्रू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. खरं तर एप्रिल ते जूनमध्ये कूलर घरातली हवा ओलसर ठेवतो, आणि ज्या दिवसांत फळी सर्वांत जास्त आकसायची त्याच दिवसांत तिला धरून ठेवतो. कूलरच्या घरात उन्हाळ्यातल्या फटी एसीच्या घरापेक्षा कमीच पडतात. मात्र त्याची टाकी गळती असता कामा नये आणि त्याचा झोत थेट जमिनीवर नको. एवढी काळजी कूलर खिडकीबाहेर बसवला की आपोआप घेतली जाते.

यानंतर विक्रेता कडकपणाचा आकडा काढतो. साग मऊ, त्याचा कडकपणा हजार पाउंडांच्या आसपास. पांढरा ओक १३६०, ब्राझीलचा जाटोबा २३५०. आकडे खरे आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे. तो आकडा सांगतो की लाकडावर टाचेचा, खुर्चीच्या पायाचा, पडलेल्या वस्तूचा खळगा किती पडेल. जिथे लोक बूट घालून घरभर फिरतात त्यांना त्याचं महत्त्व. आपण चपला दाराबाहेर काढतो, घरात अनवाणी वावरतो. लाकडी जमिनीला सर्वांत जास्त ओरखडे पाडते ती बुटाच्या तळव्याला चिकटून आलेली खडी. ती आपल्या घरात येतच नाही. लाकडी जमिनीला हवी तशी सवय आपल्याला आजोबांपासून आहे. आपल्याला हवा तो स्थिरपणा, आणि त्यात साग या सगळ्यांच्या पुढे आहे.

आपली एक सवय मात्र खरोखर आड येते, आणि विरोधकांच्या सगळ्या म्हणण्यात मला हेच सर्वांत वजनदार वाटतं : रोजचा ओला पोछा. बादलीभर पाण्यात फिनाइल टाकून, निथळत्या फडक्याने जमीन पुसल्याशिवाय घर स्वच्छ झालं असं आपल्याला वाटत नाही. लाकडावर हे चालत नाही. रोज मऊ कोरडा झाडू, आठवड्यातून एकदा पिळून पिळून जवळजवळ कोरडं केलेलं फडकं, सांडलेलं पाणी लगेच टिपणं, बस. घरात कामाला येणाऱ्या ताईंना हे दोन मिनिटांत समजतं, कारण त्यांचं काम कमीच होतं. समजायला वेळ लागतो तो आपल्याला. आणि म्हणूनच मी स्वयंपाकघर, देवघर, जेवणाची जागा आणि न्हाणीघराचा उंबरा यांत लाकूड घाला असं कधीच सांगणार नाही. ज्या घरात जेवायला पाटावर बसतात, अभिषेक होतो, तिथे फरशीच हवी. लाकूड झोपायच्या खोलीचं, वाचायच्या खोलीचं, मुलांच्या खेळायच्या कोपऱ्याचं.

वाळवीचा धाक खरा आहे, पण तो उलट बाजूला लागू पडतो. सागाच्या गाभ्याचं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या चाचण्यांत ते सर्वांत टिकाऊ वर्गात मोडतं. वाळवी खाते तो कडेचा पांढरट, कच्चा भाग. सुताराकडून फळ्या घेताना पांढरी पट्टी दिसली की ती बाजूला काढायला सांगायची. आता लॅमिनेट काय आहे ते बघा : लाकडाचा भुगा रेझिनने दाबून केलेला बोर्ड, त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्यावर पारदर्शक कडक थर. त्या भुशात सागाच्या गाभ्याचं संरक्षण नाही. वाळवीला तो पोळीसारखा मऊ मिळतो.

पाण्याचंही तेच. लाकडाची फळी भिजली, फुगली, तरी वाळल्यावर बहुतेक पूर्ववत होते. नाही झाली तर रंधा आणि पॉलिश आहेत. लॅमिनेटचा सांधा एकदा पाण्याने फुगला की तो तसाच राहतो, कड फुगीर होते, वरचा कागद सोलतो, आणि ती पट्टी फेकण्याशिवाय उपाय नसतो. ‘देखभाल काही नाही’ हे वाक्य इथून येतं : देखभाल करण्याजोगं त्यात काही नसतंच. सागाची १८ मिलिमीटरची जमीन आयुष्यात चार-पाच वेळा घासून नवी करता येते. इंजिनिअर्ड म्हणतात त्या प्रकारात प्लायवर खऱ्या लाकडाचा थर असतो. तो तीन-चार मिलिमीटरचा असेल तर एकदा-दोनदा घासता येतो, आणि तो थर सागाचा असेल तर मी त्याला आनंदाने होकार देईन. पण अर्ध्या मिलिमीटरचा थर देऊन त्यालाही तेच नाव आणि जवळपास तोच भाव लावतात, ही फसवणूक आहे. शिवाय या बोर्डांच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं आणि उष्ण, दमट हवेत ते जास्त बाहेर पडतं. उत्सर्जनाची श्रेणी कोणती, असं विचारणारे ग्राहक किती असतील?

दुकानात लॅमिनेटशेजारी एसपीसी नावाच्या पट्ट्याही असतात. एसपीसी पाण्याने फुगत नाही, हे मी मान्य करतो. भाड्याच्या घरात, दुकानात, दोन-चार वर्षांपुरत्या जागेत ते घालायला हरकत नाही. पण ते पीव्हीसी आणि चुनखडीची भुकटी यांचं मिश्रण आहे, म्हणजे प्लास्टिक आहे, आणि प्लास्टिक म्हणूनच विकावं. पश्चिमेच्या खिडकीतून तीन तास येणाऱ्या उन्हाने तेही पसरतं. सांध्यातून खाली गेलेलं पाणी तिथेच कोंडतं आणि कुबट वास सुटतो. दहा-बारा वर्षांनी ते उचटून फेकलं की जाणार कुठे? आदमपूरच्या कचऱ्याच्या खंतीत.

इथे पर्यावरणाचा आग्रह धरणारी मंडळी मला थांबवतात. तुम्ही जंगल तोडायला सांगताय, असं म्हणतात. त्यांची काळजी माझीही आहे, म्हणून सविस्तर सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला दिलेल्या आदेशानंतर मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलात तोड करता येत नाही. वनखात्याच्या आगारांत येणारा साग त्या योजनेतला असतो आणि जाहीर लिलावात विकला जातो. चोरीचं लाकूड बाजारात नाही असं मी म्हणत नाही. ते आहे आणि ते घेणं पाप आहे. म्हणून पक्कं बिल आणि वनखात्याचा वाहतूक परवाना, ज्याला इथे सगळे टीपी म्हणतात, मागितल्याशिवाय एक फळीही घेऊ नये. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींचा साग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर येतो. त्यातला बराचसा कमी वयाचा असतो, गाभा कमी आणि कच्चा भाग जास्त. हजारो मैल समुद्र ओलांडून आलेला कोवळा साग किंवा ओक घ्यायचा आणि पाऊणशे किलोमीटरवरचा, हिशेबात असलेला साग नाकारायचा, यात जंगलाचं कोणतं भलं होतं? सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तो साठ-सत्तर वर्षं आपल्या पायाखाली बंद राहतो. प्लास्टिकच्या पट्टीबद्दल असं काही सांगता येणार नाही.

त्याहून चांगला मार्ग जुन्या लाकडाचा. जुन्या भोपाळात, इंदुरात, नागपुरात घरं आणि वाडे पाडले जातात आणि त्यांच्या तुळया, कड्या, चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. शंभर वर्षांचे उन्हाळे-पावसाळे पाहून झालेलं ते सागवान नव्या लाकडापेक्षा शांत असतं. खिळे काढायला, चिरायला मेहनत पडते. खिळ्याची काळी खूण राहते. मला ती खूण आवडते. एका तुळईतून निघालेल्या तीन इंची फळ्या, त्यांतही उभ्या रेषेच्या निवडून घेतल्या, तर भोपाळच्या हवेसाठी याहून योग्य जमीन मला ठाऊक नाही. अरुंद फळ्यांत हालचाल अनेक सांध्यांवर वाटली जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. सात-आठ इंच रुंदीच्या पट्ट्यांची सध्याची आवड या हवेला नको.

राहिला पैसा. सगळ्या घराला सागवान परवडत नाही, हे खरं, पण सगळ्या घराला ते घालावं असं मी म्हणतच नाही. बारा बाय बाराच्या एका खोलीचे १४४ चौरस फूट. १८ मिलिमीटर जाडीने साडेआठ घनफूट लाकूड, घट धरून बारा. सागवानी पलंगाला आणि भिंतभर कपाटाला मिळून तेवढं लाकूड सहज लागतं, आणि ते करताना हवेचा प्रश्न कुणी काढत नाही. दर दहा-बारा वर्षांनी लॅमिनेट बदलण्याचा खर्च, त्या वेळी रिकामी करावी लागणारी खोली, धूळ, मजुरी हे सगळं त्याच्यासमोर मांडून बघावं. माझ्या मते एक खोली खऱ्या लाकडाची आणि बाकी घर कोट्याचं, हे पूर्ण घर छापील ओकचं करण्यापेक्षा स्वस्तही पडतं आणि सुंदरही दिसतं.

लाकडाची जमीन विकणाऱ्या प्रत्येकाने बिलावर जात, कापाची दिशा, वरच्या थराची जाडी आणि बसवण्याच्या दिवशीची फळीची आणि कोब्याची ओल लिहून द्यावी, अशी माझी मागणी आहे. मीटर काही हजारांत मिळतो. ज्याचा धंदा लाखोंचा आहे त्याला तो जड नाही. आणि पुढच्या अक्षय तृतीयेला ज्यांना वास्तुशांत करायची आहे, त्यांनी सुताराशी बोलणं दसरा-दिवाळीतच करावं. तोवर कोबा कोरडा झालेला असेल, सागवान मधल्या ओलीवर आलेलं असेल, आणि पॉलिश वाळायला भरपूर दिवस मिळतील.